सत्तेचाळीस नंबरची नोंद

परवा आमच्या विभागात एक नवी मुलगी रुजू झाली. टेबल, संगणक, ओळखपत्र सगळं झालं आणि मग मी तिला घेऊन कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनपाशी गेले. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन, फॅक्स अशी चारही कामं करणारं ते मशीन बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कागदोपत्री नाही, पण टोनर संपला, कागद अडकला किंवा कुणाचं नाव घालायचं असलं की लोक मलाच हाक मारतात. मी ॲड्रेस बुक उघडलं, नव्या नोंदीचं बटण दाबलं आणि मशीननं नेहमीप्रमाणे पहिला रिकामा क्रमांक पुढे केला. ०४७.

माझं बोट तिथेच थांबलं.

“काय झालं, मॅडम?”

“काही नाही. मेलचा पत्ता सांग. एकेक अक्षर सांग, घाई करू नकोस.”

तिनं सांगितलं, मी टाकलं. मग पडद्यावरचा पत्ता तिलाच मोठ्यानं वाचायला लावला, पुन्हा एकेक अक्षर. तिला ते जरा जास्तच वाटलं असावं, पण ती काही बोलली नाही. सत्तेचाळीस नंबरची जागा रिकामी का होती, हे तिला सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते आहे.

आपल्या पर्समधल्या डायरीत आपण पत्ते कसेही लिहितो. अर्धं नाव, नुसता नंबर, बाजूला एक खूण. कारण ती डायरी वाचणारे आपणच असतो. ऑफिसच्या मशीनमधली यादी तशी नाही. ती लिहिणारी एक असते आणि वापरणारे सगळे. आणि वापरणारे ती वाचत नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ते नाव शोधतात, नावावर बोट ठेवतात आणि हिरवं बटण दाबतात. नावामागे कोणता पत्ता आहे, हे बहुतेकांनी कधी उघडून पाहिलेलं नसतं, आणि त्यांनी पाहावं अशी अपेक्षाही नाही. त्यासाठीच तर ती यादी केलेली असते. म्हणजे पत्ता एकदाच नीट पाहिला जातो, तो टाकणाऱ्याकडून, टाकताना. त्यानंतर सगळा कारभार विश्वासावर चालतो.

सुरुवातीला मी नावंसुद्धा चुकीच्या पद्धतीनं घातली होती. या मशीनांत यादीवर अक्षरांचे कप्पे असतात, एबीसी, डीईएफ असे, आणि नावाच्या पहिल्या अक्षरावरून नोंद त्या त्या कप्प्यात जाऊन बसते. काही मशीनांत कप्पा आपण वेगळा निवडायचा असतो. आमच्याकडे माझ्याआधी कुणीतरी मोठ्या आदरानं प्रत्येक नावाआधी ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ लावून ठेवलं होतं. मीही तोच शिरस्ता पुढे चालवला. परिणाम असा की झाडून सगळं ऑफिस ‘एस’च्या कप्प्यात. बाकीचे कप्पे ओस, आणि त्या एका कप्प्यात पानांमागून पानं उलटत लोक आपलं नाव हुडकत उभे. एका शनिवारी मी बसून सगळ्यांची ‘श्री’ काढली. हात चालेना खरं तर. वयानं मोठ्या माणसांच्या नावाचा मान आपण काढून घेतोय असं वाटत होतं. पण सोमवारी माणसं आपापल्या अक्षराखाली सापडायला लागली.

दुसरी अडचण लिपीची. आमच्या मशीनच्या पडद्यावरचा कीबोर्ड रोमन अक्षरांचा. मराठी नाव त्यात बसवायचं म्हणजे ‘व’ला व्ही की डब्ल्यू, दीर्घ ईला दोन ‘ई’ की एक ‘आय’, ‘आ’ला एक ‘ए’ की दोन, हे ज्याचं त्याचं. एकाच आडनावाच्या दोन माणसांची स्पेलिंगं दोन तऱ्हांची. देवनागरीत जे नाव डोळे मिटून बरोबर लिहिता येतं, ते इथे माणसाला विचारल्याशिवाय लिहू नये. मी एकदा विचारलं नाही. त्याकडे येतेच.

टेलिफोनची पहिली डिरेक्टरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती फेब्रुवारी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे निघाली. एकच पुठ्ठ्याचा कागद, त्यावर पन्नास नोंदी. त्यावर टेलिफोन नंबर एकही नव्हता, नुसती नावं. फोन उचलायचा, एक्स्चेंजमधल्या माणसाला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. कोणती तार कुणाची, हे त्या जोडणाऱ्याला ठाऊक. मशीनसमोर उभी राहिले की मला हा कागद बऱ्याचदा आठवतो. लोकांसमोर आजही नुसती नावंच असतात. तार कुठे जोडायची ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

तारांचे प्रकार मात्र वाढले. फॅक्सची नोंद सगळ्यांत सरळ. सगळ्या जगाची फॅक्स मशीनं एकमेकांशी बोलू शकतील असं ‘ग्रुप ३’ हे मानक १९८० मध्ये ठरलं, आणि ते इतकं टिकलं की आजचं मशीनही त्याच भाषेत बोलतं. इथे नंबर टाकायचा आणि ऑफिसच्या बोर्डातून बाहेरची लाइन घ्यावी लागत असेल तर आधी तो आकडा, मग एक विराम. विराम विसरला तर लाइन मिळायच्या आतच मशीन पुढचे आकडे दाबून मोकळं होतं आणि फॅक्स जात नाही. त्या छोट्याशा विरामाचं मला अप्रूप आहे. यादीत सांभाळून ठेवलेली ती एक गप्प जागा. फॅक्सचा नंबर दोनदा टाकायला लावायची सोयही बऱ्याच मशीनांत असते. दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच कागद निघतो. चुकलेला मेल बहुधा परत येतो, पण चुकलेला फॅक्स कुणाच्या तरी मशीनमधून छापून बाहेर पडलेला असतो. तो परत घेता येत नाही.

खरी कसोटी लागते ती फोल्डरच्या नोंदीत. स्कॅन केलेला कागद थेट एखाद्याच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडावा, ही सोय एकदा अंगवळणी पडली की माणूस मेलकडे बघत नाही. पण त्या एका नोंदीत चार गोष्टी जुळाव्या लागतात. संगणकाचं नाव, फोल्डरचं नाव, त्या संगणकावरचं खातं आणि पासवर्ड. दोन उलट्या तिरप्या रेघा, मग संगणकाचं नाव, मग एक उलटी तिरपी रेघ, मग फोल्डर. संगणकाच्या नावाऐवजी लोक आयपीचे आकडे, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, टाकतात. चालतं, पण तो आकडा नेटवर्क वाटून देत असेल तर कधीतरी बदलतो आणि एका सकाळी नोंद आंधळी होते. फोल्डर शेअर केलेला असून भागत नाही, त्यात लिहायची परवानगी त्या खात्याला वेगळी द्यावी लागते. संगणक झोपी गेला असेल तरी मशीन दार वाजवून परत येतं.

यातलं पासवर्डचं प्रकरण सगळ्यांत जास्त माणसांना छळतं. संगणक उघडताना लोक चार आकडी पिन टाकतात. पासवर्ड विचारला की तीच पिन सांगतात, आणि ते मनापासून सांगत असतात. रोज तेच तर टाकतात. पण पिन फक्त त्या संगणकापुरती असते. बाहेरून येणाऱ्या मशीनला खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि तो माणूस कधीच विसरलेला असतो. अशा वेळी त्याच्यावर चिडायचं नाही हे मी शिकले. शेजारी खुर्ची ओढायची आणि आठवेपर्यंत बसायचं. पुढे कधी त्यानं तो बदलला की मशीनमधल्या नोंदीतला जुनाच राहतो, हेही त्याच बैठकीत सांगून ठेवायचं. मी सांगते. तरी ते विसरतात. मग तीन महिन्यांनी येतात आणि म्हणतात, “मशीन बिघडलंय.”

एकदा मात्र कुणाचीच चूक नव्हती. विंडोजची नवी आवृत्ती ऑफिसभर टाकली आणि दुसऱ्या दिवशी एकाही फोल्डरमध्ये काही पोहोचेना. नोंदी बरोबर, पासवर्ड बरोबर. फाइल पोहोचवायची एसएमबी नावाची जी जुनी पद्धत आमचं मशीन वापरत होतं, तिची पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टनं २०१७च्या शरदात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्यानं बसवताना मुळातच बंद ठेवली होती. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभर धुमाकूळ घातला, तो याच जुन्या दारातून शिरून. दार बंद करणं रास्तच होतं. ते उघडून द्या असा आग्रह माझ्यामागे पुष्कळांनी धरला, मी तो मानला नाही. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, नवं करून घेईपर्यंत आठवडाभर सगळ्यांनी मेलवर भागवलं.

आणि मेलमुळेच काकांचं प्रकरण उघडकीला आलं.

काका म्हणजे आमच्या दुसऱ्या शाखेतले ज्येष्ठ सहकारी. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. आवक-जावक सांभाळण्यात उभी नोकरी गेलेली. त्यांची जुनी नोंदवही मी पाहिली आहे: तारीख, क्रमांक, कुणाकडून, कुणाला, विषय, आणि शेवटच्या रकान्यात पोहोच. खाडाखोड नाही, चुकलंच तर एक सरळ रेघ आणि शेजारी सही. ते त्या शाखेत बदलून गेले तेव्हा त्यांची मेलची नोंद मी घातली. सत्तेचाळीस नंबरवर.

त्यानंतर काही महिने इकडून त्यांना कागद जात होते आणि ते फोन करून सांगत होते, की आलेलं नाही. लेखा विभागातल्या बाई म्हणायच्या, “पाठवलंय हो काका, मशीननं ओके दाखवलंय.” खरंच दाखवलं होतं. पाठवल्याच्या नोंदीत त्यांच्या नावासमोर दर वेळी ओके. मग त्यांना कुरिअरनं प्रत जायची किंवा कुणीतरी आपल्या संगणकावरून वेगळा मेल करायचं. हळूहळू बोललं जाऊ लागलं. काकांना आता मेल उघडायला जमत नाही. वय झालं. एकदा मीही, शेजारी चाललेलं हे बोलणं ऐकून, मान डोलावली. ते मला अजून आठवतं.

मग मशीनच्या स्वतःच्या मेलखात्याचं काम निघालं. मशीनला मेल पाठवायला एक खातं लागतं. त्या सुमाराला साध्या पासवर्डवर उपकरणांना मेल पाठवू देणं मेलसेवा बंद करत चालल्या होत्या. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी ती जुनी वाट ३० मे २०२२ला बंद केली आणि अशा उपकरणांसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढून घ्यायला सांगितलं. आमच्याही मशीनच्या खात्याचं तसलंच काहीतरी करायचं होतं, म्हणून मी ते खातं संगणकावर उघडलं. ते सुरू झाल्यापासून बहुधा कुणीच उघडलं नव्हतं. उघडायचं कारणच काय, मशीन थोडंच मेल वाचतं!

आत न वाचलेले एकेचाळीस मेल होते. सगळे एकसारखे. या नावाची मेलपेटी अस्तित्वात नाही. या नावाची मेलपेटी अस्तित्वात नाही. प्रत्येकाला काकांच्या नावे निघालेली फाइल जोडलेली.

काकांच्या आडनावात रोमनमध्ये दोन ‘ए’ लागोपाठ येतात. मी एकच टाकला होता.

मशीनचं ओके काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मशीन आपला मेल मेल-सर्व्हरच्या हाती देतं. सर्व्हरनं तो घेतला की मशीनच्या दृष्टीनं काम संपलं, आणि ते ओके लिहितं. पुढे सर्व्हरला तो पत्ता सापडला नाही, तर मेल परत फिरतो. पण परत फिरतो तो पाठवणाऱ्याकडे. आणि पाठवणारं असतं मशीन. बटण दाबणाऱ्या बाईंना त्याचा थांगपत्ताही लागत नाही. फोल्डरची नोंद चुकली तर मशीन बहुधा तिथल्या तिथे सांगतं, लॉगिन झालं नाही म्हणून. मेलची चूक मात्र मागच्या दारानं येते आणि जिथे कुणी राहतच नाही अशा घरात साचत जाते. काकांच्या वहीतला शेवटचा रकाना, पोहोच, आमच्या मशीनच्या यादीत नव्हता. ओकेच्या त्या दोन अक्षरांना आम्ही पोहोच समजत होतो.

मी त्यांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते बोलता आलं नाही. नुसतं म्हणाले, “काका, चूक माझी होती. पत्त्यात एक अक्षर पडलं होतं. सगळे कागद इकडेच परत आलेत.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तू पाठवत होतीस आणि मी बघत होतो. दोघंही बरोबरच होतो की गं.”

“आता नीट करते. फोन ठेवू नका.”

मी मशीनसमोर उभी राहून दुसरा ‘ए’ घातला. एका कोऱ्या कागदावर पेननं तारीख लिहिली, काचेवर ठेवला, सत्तेचाळीस नंबर दाबला. फोन कानाला तसाच. दिवा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकला. पलीकडून त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता. मिनिटभर काहीच नाही. मग ते म्हणाले, “आलं. आज तारीख सोळा. अक्षर तुझंच दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी मी लेखा विभागात गेले आणि ते एकेचाळीस मेल छापून टेबलावर ठेवले. कुणाला खाली पाहायला लावायला नाही. पण काकांना जमत नाही असं जे बोललं गेलं होतं ते खोटं होतं, आणि ते ज्या खोलीत बोललं गेलं त्याच खोलीत पुसलं जायला हवं होतं. मी मान डोलावली होती, हेही सांगितलं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी मशीनचं मेलखातं उघडते. नवी नोंद घातली की चाचणीचा कागद पाठवते आणि समोरच्याच्या टेबलाशी जाऊन पडद्यावर पाहते. यादी ब्राउझरमधून मशीनच्या पानावर जाऊन फाइलमध्ये उतरवून घेता येते, ती महिन्यातून एकदा उतरवते. आणि मशीनशेजारी एक साधी वही ठेवली आहे: क्रमांक, नाव, कधी घातलं, कुणी तपासलं.

नोंद घालण्यापेक्षा काढणं अवघड, हे कुणी कबूल करत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं टेबल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मिळतं, पण मशीनमध्ये तो वर्षानुवर्षं राहतो. कुणाला सुचत नाही, आणि सुचलं तरी पुसायला हात धजत नाही. पण राहिलेली नोंद निरुपद्रवी नसते. गटात तर मुळीच नाही. एका बटणावर दहा जणांना कागद जातो, त्या दहांतला एक केव्हाच बाहेर पडलेला असतो, त्याचा पत्ता खाजगी असेल तर घरबसल्या त्याला इथल्या पगाराचे तक्ते मिळत राहतात. यात त्या माणसाचा काहीच दोष नसतो.

मशीन स्वतः जातं तेव्हाही तेच. करार संपतो, नवं येतं, जुनं हातगाडीवरून खाली जातं, आणि त्याच्या पोटात आपली सगळी यादी असते, पासवर्डांसकट. आतल्या डिस्कवर स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमाही असू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेनं भाड्याची कॉपिअर मशीनं डिस्क न पुसता परत केली होती. २०१३ मध्ये तिला त्यापायी बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. डिस्क पुसायची सोय अशा मशीनांत बहुधा दिलेली असते. ती वापरायला वेळ लागतो, आणि गाडी खाली उभी असते. गाडी उभी राहू द्यावी.

काका गेल्या वर्षाअखेरीला निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनीच फोन करून आठवण केली, “माझं नाव काढलंस का?” मी उद्या काढते म्हणाले. काढायला तीन आठवडे लागले. वहीत त्यांच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी सही केली.

आणि परवा ती जागा त्या नव्या मुलीला मिळाली. तिचा कागद पोहोचला. तिनं तिच्या टेबलावरून हात वर करून सांगितलं.

या सोमवारी मात्र मशीनच्या खात्यात एक परतलेला मेल होता. काकांच्या पत्त्यावर निघालेला. त्यांची मेलपेटी आता बंद आहे. यादीत तर ते नव्हते, मग गेला कुठून? विचारत विचारत लेखा विभागात पोहोचले. महिन्याचा तक्ता पाठवण्यासाठी बाईंनी मशीनमध्ये एक प्रोग्राम करून ठेवला होता, एका बटणावर सेटिंगं आणि पत्ते सगळं एकदम येईल असा. आमच्या मशीनमध्ये अशा प्रोग्रामात पत्त्याची वेगळी प्रत राहते, यादीतून काढली तरी तिथली जात नाही. हे मला ठाऊक नव्हतं.

“राहूनच गेलं हो,” बाई म्हणाल्या. “काढू का मी?”

“मी काढते.”

मशीनपाशी जाऊन प्रोग्राम उघडला. पाच नावं होती, चौथं त्यांचं. पुसायच्या आधी पत्ता पडद्यावर पूर्ण उघडला आणि एकेक अक्षर वाचला. दोन्ही ‘ए’ जागेवर होते.